एकच ब्रॅकेट पुन्हा पुन्हा निघतंय? आधी गोंद कुठे राहिला ते पाहा

दातांना तार लावल्यावर दीड-दोन वर्षांच्या उपचारात एखाददुसरं ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) निघालं तर घाबरण्यासारखं काही नाही. पण त्याच दातावरचं ब्रॅकेट तिसऱ्यांदा निघालं, तर त्यामागे ठरावीक कारण असतं आणि ते शोधता येतं. बहुतेक ठिकाणी ते शोधलं जात नाही. पेशंटच्या घरचे म्हणतात गोंद चांगला नव्हता, दवाखान्यात म्हणतात पोराने काहीतरी कडक खाल्लं, आणि ब्रॅकेट पहिल्यासारखंच पुन्हा चिकटवलं जातं. कारण तसंच राहिल्यामुळे महिन्याभरात ते परत तारेवर सैल फिरायला लागतं.

शोध घ्यायला तीन प्रश्न पुरतात. दात कोणता? चिकटवल्यापासून किती दिवसांनी निघालं? आणि निघाल्यावर गोंद दातावर राहिला की ब्रॅकेटच्या पाठीला चिकटून आला? तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण निम्म्याहून जास्त उलगडा त्यातच होतो.

ब्रॅकेटवर मुळात किती ताण येतो

दात हलवण्याचं काम तार करते. ब्रॅकेट म्हणजे दातावर तार धरून ठेवायची जागा. त्याच्या मधोमध आडवी खाच असते, ०.०१८ किंवा ०.०२२ इंच उंचीची. सुरुवातीला निकेल-टायटॅनियमची ०.०१२ किंवा ०.०१४ इंचाची बारीक तार घालतात. वाकड्या दातापर्यंत वाकवून बांधली तरी ती आपल्या मूळ आकारात यायला बघते आणि दाताला हळूहळू सोबत नेते. दाताच्या मुळाभोवती साधारण ०.२ मिमी जाडीचा तंतूंचा थर असतो. तो ज्या बाजूला दबतो तिथलं हाड झिजतं, ज्या बाजूला ताणला जातो तिथे नवं हाड भरतं. हे काम सावकाशच होतं. सुळा मागे घ्यायचा असेल तर महिन्याला सुमारे १ मिमी हा चांगला वेग समजावा.

यासाठी लागणारं बळ फार थोडं असतं, एका दाताला साधारण ३५ ते १२० ग्रॅम. उलट ब्रॅकेटचा तळ १०-१२ चौरस मिमी असतो, आणि नीट चिकटलेलं ब्रॅकेट सहा-सात किलोची ओढ सहज सोसतं. म्हणजे बारीक तारेच्या ओढीने चांगलं चिकटलेलं ब्रॅकेट निघत नाही. ते निघालं तर तीन शक्यता उरतात: चावताना त्यावर किलोंच्या हिशेबात दणका बसला, चिकटवणीच कच्ची होती, किंवा ताज्या चिकटवणीवर जाड तार जबरदस्तीने बसवली गेली.

निघालेलं ब्रॅकेट टाकू नका, उजेडात पाहा

मोबाईलचा टॉर्च लावा आणि दाताचा आणि ब्रॅकेटच्या पाठीचा जवळून फोटो काढा. दातावरून नख फिरवून बघा.

दात गुळगुळीत लागला आणि गोंदाचा सगळा थर ब्रॅकेटला चिकटून आला असेल, तर गोंदाने दातालाच धरलेलं नव्हतं. हे समजायला चिकटवण्याची रीत माहीत हवी. गोंद म्हणजे दात भरायला वापरतात तसलं रेझिन. ते गुळगुळीत दाताला धरत नाही. म्हणून दाताच्या वरच्या कवचावर, इनॅमलवर, ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल १५ ते ३० सेकंद लावतात. त्याने इनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, त्यांत प्रायमर, म्हणजे पातळ द्रव रेझिन, उतरतं आणि उजेडाने कडक होऊन तिथेच अडकून बसतं. दाताला ॲसिड लावून पकड वाढवायची ही कल्पना अमेरिकन दंतवैद्य मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. आजही बहुतेक ब्रॅकेट याच तत्त्वावर टिकतात. ॲसिड धुतल्यावर त्या छिद्रांत थुंकी गेली, हिरडीतून रक्ताचा एक थेंब आला किंवा हवेच्या नळीतून पाण्याचा-तेलाचा फवारा बसला, की रेझिन आत उतरू शकत नाही. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, तसंच हे आहे. दात कोरा राहिला असेल तर ओल, कमी ॲसिड, फ्लोराइडचे डाग आणि दात पांढरे करण्याचं औषध, या चार गोष्टी तपासाव्यात.

दातावर गोंदाचा थर तसाच असेल आणि त्यावर जाळीचा ठसा दिसत असेल, तर पकड ब्रॅकेटच्या बाजूने सुटली. धातूच्या ब्रॅकेटच्या पाठीला बारीक जाळी असते, गोंद तिच्यात शिरतो. ही पकड सुटण्याची कारणं वेगळी आहेत. धातूतून उजेड जात नाही, त्यामुळे लाईट एकाच बाजूने मारला तर मधला गोंद कच्चा राहतो. बसवण्याआधी जाळीला हातमोज्याचं बोट लागलं तरी पकड जाते. गोंद घट्ट व्हायला लागल्यावर ब्रॅकेट जरा सरकवलं गेलं तरीही तेच. आणि जुनंच ब्रॅकेट साफ करून परत लावलं असेल तर जाळी भरलेली असू शकते. चिकटवणी पक्की असतानाही कडक खाण्याचा दणका बसला की ब्रॅकेट असंच, दातावर गोंद सोडून निघतं. म्हणून इथे पुढचा प्रश्न "किती दिवसांनी निघालं" हा.

अर्धा गोंद इकडे, अर्धा तिकडे असला तर त्यावरून ठाम काही सांगता येत नाही. बहुतेक वेळा तो दणकाच असतो.

किती दिवसांनी निघालं

पहिल्या एक-दोन दिवसांत निघालं आणि त्या दिवसांत वरण-भात, उपमा असंच खाल्लं होतं, तर चिकटवणी कच्ची होती. इथे पेशंटला बोलणी खायला लावू नयेत. दोन-तीन आठवडे व्यवस्थित टिकून एका जेवणात निघालं, तर खाणं किंवा चावा. तार बदलल्याच्या रात्री निघालं, तर नवी तार त्या दातासाठी जड होती. काहीच खात नसताना, सकाळी उठल्यावर ब्रॅकेट सैल आढळलं, तर रात्री दात खाण्याची सवय आहे का ते घरच्यांना विचारा. ज्याचं त्याला ते कळत नाही.

कोणता दात

सगळ्यात जास्त त्रास खालच्या दुसऱ्या उपदाढेचा (सुळा आणि दाढ यांच्यामधल्या दोन दातांपैकी मागचा) आणि खालच्या दाढेच्या ट्यूबचा (दाढेवर ब्रॅकेटऐवजी बसवलेली, तार ओवायची नळी). एकतर तिथे थुंकी लवकर साठते आणि कापूस पटकन भिजतो. दुसरं म्हणजे चावताना तिथला भार पुढच्या दातांपेक्षा कितीतरी जास्त. तिसरं, बारा-तेरा वर्षांच्या मुलांमध्ये ही उपदाढ अनेकदा पूर्ण वर आलेली नसते. हिरडी दातावर चढलेली असते, ब्रॅकेट हिरडीला टेकतं आणि हिरडीतून पाझरणारा ओलावा थेट गोंदापर्यंत जातो. अशा वेळी घाई करून चिकटवण्यात अर्थ नाही. दात आणखी वर येईपर्यंत दोन-तीन महिने थांबावं, किंवा चढलेली हिरडी थोडी कमी करून मग चिकटवावं. दाढेची ट्यूब दोनदा निघाली तर तिसऱ्यांदा चिकटवत बसू नये, बँड, म्हणजे दाढेभोवतीची धातूची कडी, बसवावा. त्यासाठी दाढेच्या दोन्ही बाजूंना जागा करण्यासाठी रबरी सेपरेटर तीन ते पाच दिवस ठेवतात, मग कडी ग्लास आयोनोमर सिमेंटने बसवतात. हे सिमेंट थोडी ओल सहन करतं आणि त्यातून फ्लोराइड सुटतं, त्यामुळे कडीखालचा दात कमी किडतो.

खालच्या पुढच्या चार दातांवरची ब्रॅकेट निघत असतील, तर नव्वद टक्के लक्ष चाव्याकडे द्या. वरचे दात खालच्यांना फार झाकत असतील तर तोंड मिटताना वरचे दात थेट खालच्या ब्रॅकेटवर आपटतात. तिथे वरण-भात खाऊनसुद्धा ब्रॅकेट टिकणार नाही. याची तपासणी दोन मिनिटांची आहे: दात कोरडे करून मधे रंगीत आर्टिक्युलेटिंग पेपर ठेवायचा आणि पेशंटला टकटक चावायला लावायचं. ब्रॅकेटवर रंग उमटला की कारण सापडलं. उपाय म्हणजे चावा तात्पुरता उघडणं. खालच्या दाढांवर किंवा वरच्या पुढच्या दातांच्या मागे साधारण २ मिमी उंचीचे उंचवटे करतात. पेशंट त्यांना निळे ठिपके म्हणतात, कारण बहुधा निळ्या रंगाचं सिमेंट वापरतात, म्हणजे नंतर काढताना दाताशी गल्लत होत नाही. पहिले चार-पाच दिवस चावताना अडखळायला होतं, पण पेशंटने ते सोसायला हवं. ते उंचवटे झिजले किंवा निघाले आणि पाठोपाठ ब्रॅकेट पडलं, तर आधी उंचवटे पुन्हा भरायचे, ब्रॅकेट नंतर.

वरच्या मधल्या दोन दातांच्या शेजारचा दात आत गेलेला असेल तर त्याचंही तसंच होतं. खालचा दात त्याच्या पुढे येऊन ब्रॅकेटला ढकलतो. आणि एक गोष्ट: दिसायला छान म्हणून खालच्या दातांनाही सिरॅमिक ब्रॅकेट मागितली जातात. चावा खोल असताना हा हट्ट धरू नये. सिरॅमिक इनॅमलपेक्षा कठीण असतं, वरच्या दातांची धार झिजते आणि ती परत येत नाही. वर सिरॅमिक, खाली धातू, हाच सुरक्षित मेळ.

दातावर सिरॅमिकची कॅप असेल, किंवा पुढून मोठं जुनं सिमेंट भरलेलं असेल, तर नेहमीचं फॉस्फोरिक ॲसिड तिथे पुरत नाही. कॅपचा पृष्ठभाग खडबडीत करून सिलेन (सिरॅमिकला रेझिन धरवणारं द्रव्य) लावावं लागतं. आपल्या दातावर कॅप आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा. कॅप चांगली असेल तर ती नुसती बघून कळत नाही.

पाणी, फ्लोराइड आणि खडूसारखे दात

उत्तर कर्नाटकातल्या विजयपूर-बागलकोटकडच्या कोरड्या पट्ट्यात बोअरवेलच्या पाण्यातलं फ्लोराइड आणि त्यामुळे डागळलेले दात ही जुनी गोष्ट आहे. तिकडून लग्न, नोकरी किंवा शिक्षणासाठी बेळगाव-चिकोडीकडे आलेल्यांच्या दातांवर ते दिसतं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरी सोयच नसेल तर भारतीय मानक १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट देतं. दात जबड्यात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर इनॅमलवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग उमटतात. नंतर पाणी बदललं तरी डाग जात नाहीत.

अशा दातांचा वरचा थर ॲसिडला दाद देत नाही. १५ सेकंदांत छिद्रं नीट पडत नाहीत, आणि ब्रॅकेट गोंदासकट स्वच्छ निघतं. एका दाताऐवजी तीन-चार दातांवर हे व्हायला लागलं आणि दात डागळलेले असले, तर फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइडने बिघडलेलं इनॅमल, हेच कारण धरून चालावं. तिथे ॲसिडचा वेळ वाढवतात, सौम्य डागांना ६० सेकंद, जास्त डागांना त्याहून अधिक. काही जण ॲसिडआधी ५.२५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने ६० सेकंद दात पुसून घेतात. त्याने पृष्ठभागावरचे प्रथिनांचे अंश निघतात आणि ॲसिड सारखं लागतं. हे द्रव्य हिरडीला भाजतं, म्हणून हिरडी झाकूनच करायचं. डाग खोल असतील तर वरचा थर सूक्ष्म प्रमाणात घासून काढतात, मग पकड वाढवणारं प्रायमर लावतात. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. डागळलेल्या दातांचं अवघड प्रकरण असेल तर तिथल्या ऑर्थोडॉन्टिक्स (दात सरळ करण्याच्या) विभागाचा सल्ला घेणं सोयीचं.

दात पांढरे करायचं औषध वापरलं असेल तर किमान दोन आठवडे ब्रॅकेट चिकटवू नयेत. औषधातला ऑक्सिजन इनॅमलमध्ये राहतो आणि रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. लग्नाच्या तयारीत दात पांढरे करून लगेच तार लावायला येणाऱ्यांनी हे विसरू नये.

खाण्यातलं काय खरंच नडतं

"कडक खाऊ नका" एवढं सांगून काही उपयोग नाही. आपल्या ताटातलं काय, ते नेमकं सांगायला हवं.

पहिला नंबर गोकाकच्या करदंटचा. डिंक, गूळ, सुका मेवा, सगळं एकत्र चिवट झालेलं. तो ब्रॅकेटला चिकटतो आणि तोंड उघडताना सरळ ओढतो. उपचार चालू असेपर्यंत तो बंद ठेवावा, बारीक तुकडे करूनही नको. डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, संक्रांतीचा काटेरी हलवा हे त्याच्याच रांगेत. कुंदा ही दुधाची मिठाई मऊ असते, ती ब्रॅकेटला धक्का देत नाही. पण साखर ब्रॅकेटभोवती साठते, म्हणून खाल्ल्यावर लगेच चूळ भरून दात घासावेत.

ज्वारीची ताजी भाकरी खुशाल खा. वाळवलेली कडक भाकरी मात्र आमटीत किंवा दुधात पूर्ण भिजल्याशिवाय तोंडात घालू नये. ती पुढच्या दातांनी मोडताना कडा थेट ब्रॅकेटवर बसतात. ऊस चिकोडी, रायबाग, अथणीकडे गळिताच्या दिवसांत घरोघरी असतो. दातांनी सोलणं पूर्ण बंद, रस चालेल. मक्याचं कणीस आणि पेरू यांचा घोटाळा कडकपणापेक्षा चावण्याच्या पद्धतीत आहे: दाणे सुरीने काढून आणि पेरूच्या पातळ फोडी करून दाढांनी खाल्ल्या तर काही होत नाही. सफरचंदाचंही तेच. मटणाची नळी चोखा, चावू नका. चिरमुऱ्यांचा भडंग आणि गिरमिट चालतं, त्यातले फुटाणे आणि भाजके शेंगदाणे बाजूला काढावेत. फुटाणा दिसतो लहान, पण तो दोन दाढांमध्ये सापडून निसटला की ब्रॅकेटवर कडेने आदळतो. मिरची भजी बिनधास्त खा.

सुपारी खाणाऱ्या मोठ्या माणसांच्या दाढेची ट्यूब टिकणं अवघड आहे. कातरलेली असली तरी. तंबाखू-चुना आणि मशेरी यांनी ब्रॅकेट निघत नाही, पण गोंदाच्या कडा काळ्या पडतात, हिरड्या सुजतात, आणि सुजलेल्या हिरडीजवळ पुन्हा चिकटवायची वेळ आली की रक्त येतं. निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यात हे सवयीने चालतं, म्हणून इथे मुद्दाम सांगतो आहोत. उपचार सुरू करण्याआधी ते सोडलं तर सगळ्यात बरं.

खाण्याव्यतिरिक्त नडणाऱ्या सवयी म्हणजे पेनाचं टोपण चावणं, नखं खाणं, बर्फ फोडणं, बाटलीचं बूच दातांनी उघडणं. तालमीत जाणारी आणि कबड्डी खेळणारी मुलं असतील तर तारेवर बसणारा ऑर्थोडॉन्टिक माउथगार्ड वापरावा. साध्या माउथगार्डमध्ये दात हलायला जागा नसते.

पुन्हा चिकटवताना दवाखान्यात काय व्हायला हवं

हा भाग दंतवैद्यांसाठी आहे, पण पेशंटच्या घरच्यांनीही वाचावा, म्हणजे खुर्चीवर काय चाललंय ते कळेल आणि वेळ लागतोय म्हणून घाई होणार नाही.

आधी तार त्या दातावरून सोडवायची. दातावर राहिलेला गोंद टंगस्टन कार्बाइडच्या बरने (घासणाऱ्या फिरत्या टोकाने) कमी वेगात काढायचा, इनॅमलला ओरखडे न पाडता. मग तेल आणि फ्लोराइड नसलेल्या प्युमिसने (दगडाच्या बारीक भुकटीने) रबर कप वापरून सुमारे १० सेकंद दात पुसायचा. नेहमीची पॉलिशिंग पेस्ट इथे चालत नाही, तिचा तेलकट थर उरतो.

गाल बाजूला धरणारा रिट्रॅक्टर, जिभेच्या बाजूला कापूस, सक्शन. खालच्या दाढेकडे एकट्याने चिकटवू नये, मदतनीस हवाच. ॲसिड १५ ते ३० सेकंद, मग पाण्याने १०-१५ सेकंद धुणं, मग कोरडी हवा. दात खडूसारखा पांढरा दिसला पाहिजे. तो तसा दिसला नाही तर पुढे जाऊ नये, परत ॲसिड. वाळवल्यावर थुंकीचा स्पर्श झाला तर नुसतं पुसून भागत नाही, पुन्हा थोडं ॲसिड लावून धुवायचं. ओल टाळताच येत नसेल तर थोडी ओल सहन करणारं प्रायमर वापरावं.

आता हवेबद्दल. खानापूर, चंदगड, लोंढ्याच्या बाजूला पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. टाकीचा नळ रोज उघडून पाणी काढलं नाही तर तेच पाणी तेलासकट दातावर येतं. आरशावर किंवा टिश्यूवर हवेचा झोत मारून बघा. ठिपके दिसले तर त्या दिवशी ब्रॅकेट चिकटवूच नयेत. जून ते सप्टेंबर एकाच दवाखान्यातली ब्रॅकेट जास्त पडत असतील तर पहिला संशय इथे घ्यावा.

प्रायमर पातळ. गोंद जाळीत दाबून भरलेला. ब्रॅकेट एकदा जागेवर घट्ट दाबायचं, कडेने आलेला जास्तीचा गोंद काढायचा, आणि मग हात न हलवता लाईट. चौरस सेंटिमीटरला १००० मिलिवॅट किंवा जास्त ताकदीचा एलईडी लाईट असेल तर ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंनी प्रत्येकी १० सेकंद, जुना हॅलोजन असेल तर प्रत्येकी २० सेकंद. लाईटच्या टोकावर गोंद चिकटून वाळलेला असतो, त्याने उजेड कमी होतो. बॅटरी उतरलेली असताना काही दिवे निळे दिसतात पण ताकद नसते, रेडिओमीटरने, म्हणजे उजेड मोजायच्या यंत्राने, आठवड्यातून एकदा मोजावं. वीज गेल्यावर बॅटरीवर काम करताना तर नक्कीच.

गोंदाची मुदत बघा. फ्रीजमधून काढून लगेच वापरला तर तो घट्ट असतो आणि त्यावर ओल धरते, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. ब्रॅकेट शक्यतो नवंच. जुनं लावायचंच असेल तर जाळी ५० मायक्रॉन ॲल्युमिनियम ऑक्साइडने झोत मारून साफ करावी. नुसतं जाळून गोंद काढलेली ब्रॅकेट परत लावू नयेत.

आणि यानंतरची चूक सगळ्यात जास्त होते: आधी जी जाड तार होती तीच परत बसवणं. दात दरम्यान थोडा फिरलेला असतो, ०.०१९ × ०.०२५ इंचाची स्टीलची चौकोनी तार त्याच्या खाचेत बसवायला जोर लावावा लागतो, आणि ताजा गोंद तिथेच सुटतो. एक पायरी मागे यावं, ०.०१४ किंवा ०.०१६ इंचाची निकेल-टायटॅनियमची तार चार-सहा आठवडे ठेवावी. उपचार लांबल्यासारखं वाटतं, पण तिसऱ्यांदा चिकटवण्यापेक्षा यात वेळ कमी जातो.

दवाखाना लांब असेल तेव्हा

तालुक्याच्या गावी ऑर्थोडॉन्टिस्ट बहुधा महिन्यातून एक-दोनदाच येतात. निपाणीचे लोक कोल्हापूरला, कागवाड-अथणीचे मिरज-सांगलीला आणि खानापूरचे बेळगावला उपचार घेतात. ब्रॅकेट निघाल्यावर लगेच जाणं जमतंच असं नाही. म्हणून फोनवर नेमकं सांगा: "डॉक्टर, खाली उजवीकडची दुसरी उपदाढ, काल संध्याकाळी निघालंय, ब्रॅकेट तारेवरच आहे, गोंद दातावर राहिलाय." सोबत फोटो पाठवा. मग कधी यायचं ते डॉक्टर नीट ठरवू शकतात.

पहिल्या काही महिन्यांत, दात नुसते सरळ होत असताना, एक ब्रॅकेट आठवडाभर सुटलेलं राहिलं तर फार बिघडत नाही. तीन-चार आठवडे गेले तर दात मागे फिरतो. दात काढून जागा बंद करण्याचं काम चालू असेल, किंवा वरच्या आणि खालच्या दातांमध्ये रबर लावत असाल, तर त्याच दिवशी कळवा. ज्या ब्रॅकेटच्या हुकावर रबर होतं तेच निघालं, तर रबर दुसऱ्या दाताला अडकवू नका. ते दुसऱ्याच दाताला चुकीच्या दिशेने ओढेल. त्या बाजूचं रबर थांबवा आणि विचारा.

सैल ब्रॅकेट तारेवर असेल तर काढू नका. तार खुपत असेल किंवा ब्रॅकेट गालाला घासत असेल तर टिश्यूने कोरडं करून हरभऱ्याएवढं ऑर्थोडॉन्टिक मेण दाबून बसवा, जेवताना काढा. मेणबत्तीचं मेण वापरू नका. शेवटच्या दाढेची ट्यूब निघाली तर मागे तारेची शेपटी सुटते आणि गाल फाडते. ती पेन्सिलच्या रबराने दाताकडे वळवून बघा. कापणं हा शेवटचा उपाय, तोही डॉक्टरांनी फोनवर सांगितल्यावरच: नेलकटर उकळून घ्या, तारेचं टोक कापसाने धरा म्हणजे तुकडा घशात जाणार नाही, आणि ट्यूबच्या जवळ कापा. बारीक तार कापली जाते, जाड स्टीलची जात नाही, जोर लावू नका. गालाला जखम झाली असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा चुळा.

ब्रॅकेट गिळलं गेलं तर बहुधा शौचावाटे निघून जातं. पण गिळल्यानंतर खोकला थांबत नसेल, श्वासात शिट्टी येत असेल किंवा धाप लागत असेल तर ते श्वासनलिकेत गेलं असू शकतं. मग दातांच्या डॉक्टरांची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात, तातडीच्या विभागात.

हाच प्रश्न इतर साधनांमध्ये

अलायनर (तारेऐवजी दातांवर घालायचा पारदर्शक ट्रे) धरून ठेवणारे दातावरचे रेझिनचे लहान उंचवटे पुन्हा पुन्हा निघत असतील, तर बहुतेक वेळा ट्रे काढण्याची पद्धत चुकते. एका बाजूने झटक्यात ओढू नका, दाढेच्या आतल्या बाजूने दोन्हीकडे सैल करून मग पुढे या. ट्रे दिवसाला २०-२२ तास घातला नसेल तर तो घट्ट होतो आणि मग काढताना उंचवटा सोबत येतो.

रबर सारखं तुटत असेल तर ते जुनं असतं किंवा दोन रबरं एकत्र लावलेली असतात. रबर रोज नवं. दुप्पट लावल्याने उपचार लवकर होत नाही, ब्रॅकेट निघतं आणि दात दुखतो.

टाळू रुंद करणाऱ्या स्क्रूची किल्ली एका वेळी पाव फेराच फिरवायची, म्हणजे साधारण ०.२५ मिमी. स्क्रू मागे येतो असं वाटलं तर किल्ली पूर्ण मागे गेली होती का ते पाहा. अर्धवट फिरवून बाहेर काढली तर पुढचं छिद्र दिसत नाही आणि लोक उलट फिरवतात.

तार काढल्यावर खालच्या पुढच्या दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार, म्हणजे पक्का रिटेनर, हाच सगळ्यात फसवा भाग. तिचा एक दात सुटला तरी तार इतर पाच दातांना धरून जागेवर राहते, त्यामुळे महिनोन्‌महिने कळत नाही, आणि तो एक दात पुढे येतो. महिन्यातून एकदा प्रत्येक दातामागे नख लावून तार हलते का ते बघा. हलली तर दोन-तीन आठवड्यांत चिकटवून घ्या. पुन्हा पुन्हा त्याच दातावर सुटत असेल तर वरचा दात मागून तारेवर आपटतोय का ते आर्टिक्युलेटिंग पेपरने तपासून घ्या. आपटत असेल तर तार खाली, हिरडीकडे सरकवून चिकटवावी लागते, आणि ते होईपर्यंत रात्री काढता येणारा पारदर्शक रिटेनर घालावा.